माळ मणी मोजते : जळालेल्या कॅलरींच्या हिशेबाविषयी

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



रथसप्तमी जवळ आली की आपल्या गटांत सूर्यनमस्कारांचे संकल्प सुरू होतात. कोणी रोज १२, कोणी २४, तरुण मंडळी तर एकदम १०८. नोंदी येतात, हात जोडलेली चित्रं येतात, छान वाटतं. अलीकडे मात्र या नोंदींबरोबर आणखी एक आकडा येऊ लागलाय. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या 'जळालेल्या कॅलरी'. "आज ३१२." "माझ्या २४०च." मग अभिनंदन, थोडी चेष्टा, आणि न बोलता होणारी तुलना.

इतक्यावर थांबलं असतं तर लिहायचं काही कारण नव्हतं. पण या आकड्यावरून घराघरांत निर्णय होऊ लागलेत. चारशे जळाल्या म्हणून दुसरी पुरणपोळी घेतली जाते. प्रसादाचा शिरा हातात पडला की कोणीतरी म्हणतं, "नको, आज तेवढ्या जळल्या नाहीत." आणि दिवसभर उभ्या असलेल्या सासूबाईंना ऐकावं लागतं, "आई, तुमचा काही व्यायाम होत नाही." म्हणून आम्ही सेवेकरी भगिनींनी ठरवलं की या वेळच्या पत्रात यावरच बोलू. प्रश्न दोन आहेत. हा आकडा खरा किती? आणि अंदाजाने काढलेल्या आकड्यावरून आपण आपल्या खाण्याचा, कष्टांचा आणि दुसऱ्याच्या आळसाचा न्याय करावा का? पहिला प्रश्न शास्त्राचा आहे, दुसरा आपल्या साधनेचा. पहिला नीट कळल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येणार नाही.

*कॅलरी खरोखर मोजतात कशी?*

आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती खरं म्हणजे किलोकॅलरी. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी. शरीर अन्न 'जाळतं' म्हणजे प्राणवायूच्या मदतीने त्यातली ऊर्जा मोकळी करतं, आणि त्यातली बरीचशी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते.

ती मोजायच्या खऱ्या रीती मोजक्याच आहेत. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात एक बंद खोलीच बनवली होती. माणूस त्यात काही दिवस राहायचा, खायचा, झोपायचा, व्यायाम करायचा, आणि त्याच्या अंगातून निघालेली उष्णता बाहेर मोजली जायची. दुसरी रीत श्वासाची. तोंडाला मुखवटा लावून माणसाने किती प्राणवायू वापरला ते पाहायचं. एक लिटर प्राणवायूमागे साधारण ५ किलोकॅलरी असा हिशेब बसतो. तिसऱ्या रीतीत खास प्रकारचं पाणी प्यायला देतात आणि पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासून एकूण खर्च काढतात. तिन्ही रीती खर्चिक, तिन्ही प्रयोगशाळेतल्या. यातली एकही आपल्या मनगटावर नाही.

*मग घड्याळ काय करतं?*

घड्याळाच्या पोटाशी हिरवा उजेड लुकलुकतो. त्याने कातडीखालच्या रक्ताची ये-जा टिपून नाडी मोजली जाते. हाताची हालचाल टिपणारा एक बारीक भाग असतो, त्यावरून पावलं मोजली जातात. आपण भरलेलं वय, वजन, उंची आणि स्त्री की पुरुष ही माहिती त्यात मिसळली जाते. मग कंपनीचं एक गणित चालतं आणि कॅलरींचा आकडा पुढे येतो. नाडी आणि पावलं तरी मोजलेली असतात. कॅलरी मोजलेली नसते, ती काढलेली असते. हा फरक लक्षात ठेवायला हवा.

आता हे गणित कुठे घसरतं ते पाहा. नाडी फक्त कष्टाने वाढत नाही. भीतीने, तापाने, कडक चहाने, आपल्या हैदराबादच्या मे महिन्यातल्या उन्हानेही वाढते. उलट रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम मंद ठेवतात. अशी गोळी घेणाऱ्या काकांनी घाम गाळला तरी घड्याळाला ते कमीच वाटणार. हाताचंही तसंच. आरतीला टाळ्या वाजवल्या, भजनात टाळ धरला की पावलं वाढल्यासारखी दिसतात. भाजीची ढकलगाडी दोन्ही हातांनी धरून चाललं, नातवाला कडेवर घेऊन जिना चढला, तर हात हलत नाही म्हणून पावलं गळतात. जिथे कष्ट जास्त, तिथेच नोंद कमी.

हे आमच्या मनाचं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं साठ माणसांवर तपासली. नाडी बहुतेक उपकरणांनी चांगली मोजली, सातांपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. पण कॅलरींच्या बाबतीत त्यातलं सगळ्यांत बरं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हापासून उपकरणं बदलली, पण रीत तीच आहे. नाडी आणि हालचालीवरून अंदाज.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. साठ किलोची बाई मध्यम गतीने तासभर चालली तर तक्त्यांप्रमाणे साधारण २०० किलोकॅलरी होतात. पण ती तास भर नुसती बसली असती तरी श्वास, हृदय, मेंदू यांनी ६० च्या आसपास खर्च केल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी भर १४० च्या जवळपास. काही घड्याळं हे दोन आकडे वेगळे दाखवतात, पण गटावर टाकताना मोठाच आकडा टाकला जातो.

*सूर्यनमस्काराचं उदाहरण*

आपल्या संकल्पाचंच घेऊ. व्यायामाची तीव्रता सांगायला शास्त्रज्ञ 'मेट' नावाचं माप वापरतात. शांत बसलेलं असताना जेवढा खर्च, तो एक मेट. सूर्यनमस्कारांचा खर्च किती मेट? २००७ साली अमेरिकेत वीस योगाभ्यासींना ॲटवॉटरच्या खोलीसारख्याच, पण हवा तपासणाऱ्या बंद खोलीत ठेवून मोजलं, तेव्हा सूर्यनमस्कारांचा आकडा २.९ मेट आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सहा निरोगी भारतीय व्यक्तींचे सूर्यनमस्कार मोजले, तेव्हा तो ७.४ च्या आसपास आला. साठ किलोच्या माणसाला अर्ध्या तासाचा हिशेब लावला तर पहिल्या मापाने ९० च्याही आत, दुसऱ्या मापाने सुमारे २३०. नाव एकच, खर्चात अडीच पटींचा फरक.

कोणी खोटं बोललं का? नाही. नमस्कार किती वेगाने घातले, प्रत्येक स्थितीत किती थांबलं, मध्ये विसावा किती घेतला, करणाऱ्याला किती सवय होती, सगळ्यावर ते अवलंबून आहे. प्रयोगशाळेत मुखवटा लावूनसुद्धा इतकं अंतर पडतं, मग कुठल्या तक्त्यातला एकच आकडा घेऊन घड्याळाने किंवा ॲपने आपल्या बैठकीच्या खोलीत घातलेल्या नमस्कारांना लावला तर तो किती चपखल बसणार?

शिवाय मेटचा पायाही सगळ्यांना सारखा नाही. बसलेल्या माणसाला दर किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू लागतो असं धरलेलं असतं. २००५ साली ७६९ माणसांवर प्रत्यक्ष मोजून पाहिलं तर सरासरी २.६ निघाली. म्हणजे पायाच सुमारे तिसऱ्या हिश्श्याने उंच धरला होता.

*आपल्या शेजारची संस्था काय करते?*

तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था आपल्यापैकी अनेकांनी येता-जाता पाहिली आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ साली हैदराबादला आली. देशभर कोणी किती खावं याची शिफारस तिथून निघते. २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला १६६० किलोकॅलरी आणि ६५ किलोच्या पुरुषाला २११० असे आकडे आहेत. पण ऊर्जेची ही गरज 'सरासरी' म्हणून दिलेली असते. त्या गटातल्या कोणाला जास्त लागेल, कोणाला कमी. शाळेचा आहार ठरवायला, वसतिगृहाचा शिधा काढायला असा आकडा फार उपयोगी पडतो. एखाद्या एका सुनंदाताईंनी आज दुपारी किती खावं, हे त्यावरून ठरत नाही.

यात आम्हा स्वयंपाकघरातल्या बायकांना नवीन काही नाही. भंडाऱ्याला दोनशे पानांचा भात लावताना आपण अंदाजच करतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो. पण कोणा एकाच्या पानात किती वाढायचं हे दोनशेच्या अंदाजावरून ठरवत नाही, त्या माणसाकडे पाहून वाढतो. मीठसुद्धा अंदाजानेच घालतो, पण नैवेद्य दाखवून झाल्यावर पहिला घास कसा लागतो याकडे लक्ष असतंच. अंदाज वाईट नाही. अंदाज आहे हे विसरणं वाईट.

आता तासभराच्या चालण्याच्या २०० मध्ये २७ टक्के चूक धरा. ५४ झाल्या. चहाच्या चमच्याने एक चमचा तूप म्हणजे साधारण ४५. म्हणजे ज्या हिशेबाच्या जोरावर आपण दुसरी पुरणपोळी मंजूर करून घेतो, त्यातली चूकच तिच्यावरच्या तुपाएवढी आहे.

*मण्यांचा हिशेब आणि पुण्याचा हिशेब*

इथे कोणी विचारेल, आणि रास्तच विचारेल, की आकडा नसेल तर माणूस उठतो का? घड्याळाने हातावर टिचकी मारली म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणी रात्री गॅलरीत येरझाऱ्या घालतात. आणि मोजणं वाईट असेल तर आपण जपाची संख्या का लिहितो? सद्गुरूंनीच तर नोंदवही ठेवायला सांगितली आहे.

यातच उत्तर आहे असं आम्हाला वाटतं. माळ काय मोजते? मणी मोजते. एकशे आठ झाले की मेरुमणी येतो, आपण माळ फिरवतो, वहीत एक रेघ ओढतो. त्या माळेने किती पाप जळालं, किती पुण्य जमलं हे माळ सांगत नाही, आणि आपणही वहीत लिहीत नाही. कोणी लिहू लागलं, "आज ३१२ पुण्य," तर आपण सगळे हसू. कारण जप आपल्या हातात आहे, फळ आपल्या हातात नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. गीतेतला कर्मयोग आपण याच रीतीने शिकलो.

नमस्कार किती घातले, किती मिनिटं चाललो, किती पावलं झाली, हा मण्यांचा हिशेब आहे. तो जरूर ठेवावा. जळालेल्या कॅलरी हा फळाचा हिशेब आहे, आणि तोही दुसऱ्या कोणीतरी अंदाजाने लिहून दिलेला. आपल्या परंपरेत पाहा. समर्थ रामदास टाकळीला रोज १२०० सूर्यनमस्कार घालत असं सांगतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. तिथेही मोजले गेले ते नमस्कारच.

फळाचा हिशेब हातात घेतला की तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, व्यायामाचा सौदा होतो. इतकं जाळलं, म्हणून इतकं खाणं माझा हक्क. उलट्या बाजूने, जाळलं नाही म्हणून जेवायला मी पात्र नाही. ही दुसरी बाजू आम्हाला जास्त काळजीची वाटते, विशेषतः कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या बाबतीत. अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो. ते कमवावं लागणारं बक्षीस किंवा भरावा लागणारा दंड नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग फार खाणाऱ्याला नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही असं सांगितलंय. दोन्ही टोकं तिथे एकाच पंगतीत बसवली आहेत.

आणि शरीर असा सौदा पाळतही नाही. टांझानियात हाड्झा नावाचे लोक आहेत. अजूनही शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, रोज मैलोन् मैल चालतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या खास पाण्याच्या रीतीने त्यांचा दिवसाचा खर्च मोजला. शरीराच्या आकाराचा हिशेब केल्यावर तो अमेरिका-युरोपातल्या लोकांएवढाच निघाला. शरीर एकीकडे जास्त खर्च झाला की दुसरीकडे हात आखडतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. चालण्याचा फायदा त्यामुळे कमी होत नाही. साखर, रक्तदाब, झोप, गुडघे, मन, सगळ्याला तो होतोच. फक्त 'इतकं जाळलं, इतकं वजन गेलं' असं वाण्याच्या वहीसारखं जमत नाही.

दुसरी गोष्ट, तुलना. दोन वेगळ्या कंपन्यांची घड्याळं, दोन वेगळी वजनं, दोन वेगळी वयं. जड माणसाला तेवढंच अंतर चालायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून त्याचा आकडा मोठा. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काय ठरवणार? तरी जाऊबाईंचा आकडा पाहून मन खट्टू होतं. एका अंदाजाची दुसऱ्या अंदाजाशी लावलेली ही शर्यत आहे.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जे मोजलं जात नाही ते कष्टच नाहीत असं वाटू लागतं. शास्त्रज्ञांच्या त्याच तक्त्यांत घर झाडणं आणि मध्यम गतीने चालणं जवळजवळ एकाच पायरीवर आहे. मग चार घरची झाडलोट करून आपल्याकडे येणारी ताई, घड्याळ नसलेली आजी, भंडाऱ्याची पातेली घासणारे सेवेकरी, यांचा व्यायाम होत नाही असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? ज्याच्या मनगटावर यंत्र, त्याच्याच घामाला किंमत, हा न्याय झाला नाही.

आणि एक साधी सत्याची बाजू आहे. "मी आज ३१२ कॅलरी जाळल्या" हे वाक्य आपण खात्रीने बोलतो, पण आपल्याला ते माहीत नसतं. "घड्याळाने ३१२ दाखवल्या" इतकंच खरं. फरक दोन शब्दांचा आहे. पण सत्य बोलण्याचा नियम घेतलेल्या माणसाने दोन शब्दांचा फरकही पाळावा.

*मग करायचं काय?*

घड्याळ काढून टाका असं आम्ही म्हणत नाही. सद्गुरूकृपेने मुलांनी हौसेने आणून दिलंय, ते वापरावं. आमच्या सूचना इतक्याच.

१. गटावर नमस्कार, मिनिटं किंवा पावलं लिहावीत. कॅलरींचा आकडा आपल्यापाशी ठेवावा.

२. तुलना करायचीच तर आपल्याच घड्याळाच्या मागच्या महिन्याशी करावी. घड्याळ चुकत असलं तरी बरेचदा एकाच बाजूला चुकतं, त्यामुळे आपलं आपल्याशी थोडंफार कळतं.

३. जोर पुरेसा आहे का हे पाहायची बिनखर्ची खूण : चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. आपल्या भाषेत, नाम घेता यावं पण भजन म्हणता येऊ नये. अशा गतीने आठवड्याला किमान १५० मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना सांगते.

४. दहा हजार पावलांचा धसका ज्येष्ठांनी घेऊ नये. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं माप' असा होता, तिथून तो आकडा जगभर झाला. २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांमध्ये रोज ४४०० पावलांनाही चांगला फायदा दिसला, आणि साधारण ७५०० नंतर तो फारसा वाढला नाही.

५. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचं औषध चालू असलेल्यांनी घड्याळाच्या आकड्यावरून गोळी किंवा जेवण मुळीच बदलू नये. आपल्या डॉक्टरांना विचारावं.

६. प्रसाद नाकारायचा असेल तर साखर आहे म्हणून नाकारा, पोट भरलंय म्हणून नाकारा, किंवा कणभर घ्या. "जळल्या नाहीत" म्हणून नको.

येत्या गुरुवारच्या सत्संगानंतर यावर घरोघरी बोलावं, मुलांचंही ऐकावं. त्यांना यंत्राची माहिती आपल्याहून जास्त असते. आपलं म्हणणं पटलं नाही तर का पटलं नाही तेही गटावर कळवावं. आणि रथसप्तमीचा संकल्प ज्यांनी अजून घेतला नाही त्यांनी जमतील तेवढ्या नमस्कारांचा घ्यावा. गुडघ्यांनी परवानगी दिली नाही तर उभ्याने सूर्याला हात जोडून दहा मिनिटं अंगणात चालावं. वहीत तेवढीच रेघ ओढावी.

सद्गुरूचरणी सर्वांच्या आरोग्यासाठी प्रार्थना.

आपल्या,
विद्यानगरच्या सेवेकरी भगिनी 🙏